पाण्याखालचा तट

आमच्या अंबाजोगाईची योगेश्वरी मूळची कोकणातली, हे इथल्या शाळेत जाणार्‍या पोरालाही ठाऊक असतं. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं, कोकणातून वर्‍हाड निघालं, घाट चढून इथवर आलं आणि मुहूर्त टळला. वर्‍हाडाचे दगड झाले, देवी इथेच राहिली, कुमारिका. हत्तीखान्याच्या लेण्यातले दगडी हत्ती दाखवून आमची आजी सांगायची, हे बघ, हे त्या वर्‍हाडातले. पुढे लेण्यांबद्दल चार पुस्तकं वाचली, पण ते हत्ती अजून मला वर्‍हाडातलेच वाटतात. असो.

कथा कथेच्या जागी, पण तिचा एक रोकडा परिणाम आहे. कोकणस्थांच्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता ही आमची योगेश्वरी. त्यामुळे समुद्रापासून इतक्या लांबच्या, बालाघाटाच्या डोंगरावरच्या या गावात मार्गशीर्षातल्या नवरात्राला सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडच्या पाट्यांच्या गाड्या उभ्या असतात. वडिलांच्या वेळेपासून असं एक कुटुंब आमच्याकडे उतरतं. नातं काही नाही, पण आता नात्यापेक्षा कमीही नाही. येताना कोकम आणि काजू, जाताना आमची ज्वारी आणि तूर. त्यातले काका दरवर्षी म्हणायचे, "आम्ही तुमच्याकडे येतो, तुम्ही घाटावरचे कधी खाली उतरणार?" (कोकणातल्या माणसाला सह्याद्रीच्या या बाजूचं सगळं जग 'घाटावरचं'. आम्ही तर खरोखरच बालाघाटावरचे, त्यामुळे तक्रार करता येत नाही.)

तर मंडळी, गेल्या मार्गशीर्षात आम्ही उतरलो. पौर्णिमेचा उत्सव झाला, आणि त्यांच्या गाडीमागे आमची गाडी लावून निघालो. लातूर, सोलापूर, कोल्हापूर, आणि फोंडा घाटातून खाली कणकवली, मालवण. बरोबर सौ. आणि आमची मुलगी. मुलीच्या डोक्यात एकच गोष्ट होती, स्नॉर्केलिंग. माझ्या डोक्यात सिंधुदुर्ग. होडीवाल्याने दोन्ही एकाच फेरीत होतील असं सांगितलं, आणि माझ्यापुरतं बोलायचं तर किल्ल्याचा इतिहास मला किल्ल्यात शिरण्याआधी, पाण्यात तोंड घालूनच थोडासा कळला. त्याबद्दलच आज लिहायचं आहे.

पण आधी थोडं आमच्या समुद्राबद्दल, म्हणजे नसलेल्या समुद्राबद्दल.

मराठवाड्यातल्या माणसाच्या इतिहासात समुद्र येतच नाही. आमचा इतिहास म्हणजे देवगिरी, पैठण, संत, निजाम, रझाकार आणि १७ सप्टेंबर १९४८. निजामाचं राज्य एवढं अवाढव्य, पण त्याला एक बंदर नव्हतं. पूर्वेचे किनार्‍याचे सरकार जिल्हे अठराव्या शतकातच इंग्रजांच्या हाती गेले होते. शेवटच्या निजामाला ही गोष्ट इतकी सलत होती की स्वातंत्र्याच्या सुमारास गोव्याचं मुरगाव बंदर मिळवण्यासाठी पोर्तुगालशी बोलणी चालवली होती. जमलं नाही. जमलं असतं तर काय झालं असतं याचा विचार न केलेलाच बरा!

आणि तरी, त्याच्याही खूप आधी आमचा समुद्राशी संबंध होता. आमच्यापासून फार लांब नाही, धाराशिवजवळ, तेर आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापार्‍याच्या वाटाड्या पुस्तकात, 'पेरिप्लस'मध्ये, पैठण आणि तगर या दोन गावांहून माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला येतो अशी नोंद आहे. ते तगर म्हणजे आमचं तेर. त्याच पुस्तकात भडोचला बाहेरून काय काय उतरतं त्याची यादी आहे, आणि तिच्यात तांबं, कथील, शिसं यांच्याबरोबर पोवळंही आहे. ज्योतिषाने सांगितलं म्हणून आपण मंगळासाठी अंगठीत घालतो ते तांबडं पोवळं हेच, भूमध्य समुद्रातलं. दोन हजार वर्षं आपण ते विकत घेतो आहोत. आपल्या स्वतःच्या किनार्‍यावरही पोवळ्यांच्या वसाहती आहेत, हे मात्र मला पन्नाशी उलटल्यावर मालवणच्या जेटीवर एका पंचविशीतल्या पोराने सांगितलं. त्याचं पोवळं अंगठीत घालण्याजोगं नव्हे, दगडी, ओबडधोबड. पण जिवंत.

हा पोरगा आमचा गाईड. होडी त्याच्या काकांची, तेच तांडेल. घरचा धंदा मासेमारीचा, आजोबा रापणीवर होते. (रापण म्हणजे किनार्‍यावरून सार्‍या गावाने मिळून ओढायचं लांबलचक जाळं.) सकाळी साडेसातला होडी सुटली. इतक्या लवकर का, असं सौ.ने झोपेतच विचारलं, तर म्हणाला, "आज वद्य द्वितीया. उधाणाचे दिवस. पाणी आत्ता पार सुकलेलं आहे, आता भरायला लागेल. खडपं बघायची तर हीच वेळ."

उधाण हा शब्द आपण घाटावर 'आनंदाला उधाण' असाच वापरतो. तिकडे त्याला रोजचा अर्थ आहे. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एकदोन दिवसांत भरती सगळ्यात वर चढते आणि ओहोटीही सगळ्यात खाली उतरते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोन्ही कमी, तो भांग. मालवणला उधाणात पाण्याच्या पातळीत दोन-सव्वादोन मीटरचा फरक पडतो. म्हणजे एक माणूस बुडेल एवढं पाणी सहा तासांत येतं आणि सहा तासांत जातं. पाण्याखाली काय आहे हे ज्याला बघायचं असेल त्याने ते गेलेलं असताना यावं, इतकी साधी गोष्ट.

वद्य द्वितीया म्हटल्यावर माझ्या डोक्यात काहीतरी हललं. सिंधुदुर्गाचा पायाभरणी समारंभ झाला तो २५ नोव्हेंबर १६६४ रोजी. तिथी मार्गशीर्ष वद्य द्वितीया. आम्ही नेमक्या त्याच तिथीला तिथे होतो. हा योगायोग, त्यात आमचं काही कर्तृत्व नाही, देवीच्या पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी पोचलो एवढंच. पण महाराजांनी निवडलेली तिथी हा योगायोग होता का, हा प्रश्न तेव्हापासून मला सोडत नाही. वर्षातल्या सगळ्यात खोल ओहोट्यांपैकी एक, पावसाळा संपून समुद्र शांत झालेला, कुरटे बेटाभोवतालची खडपं उघडी पडलेली. ज्याला पाया कुठे घ्यायचा हे बघायचं आहे त्याने याहून चांगला दिवस कोणता निवडला असता? मुहूर्त ज्योतिषाने काढला असेलच. पण त्या ज्योतिषाच्या शेजारी कुणीतरी कोळी-गाबीत म्हातारा उभा असेल, आणि त्याने मान हलवली असेल, असं मला वाटतं. पुरावा माझ्याकडे नाही, हा माझा तर्क. इतिहासाच्या जाणकारांनी फोडून काढला तरी चालेल.

होडी सुटली की किनार्‍यावर मोरयाचा धोंडा दाखवतात. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. गणेशपूजन करून किल्ल्याचा शुभारंभ झाला तो इथे, असं मानतात. किल्ल्याची माहिती तुम्हाला शाळेपासून पाठ असेल. अठ्ठेचाळीस एकरांचं बेट, सुमारे तीन किलोमीटरचा नागमोडी तट, तीस फूट उंच, बारा फूट रुंद, बेचाळीस बुरूज, हिरोजी इंदुलकरांची देखरेख, पायात ओतलेलं शिसं, तीन वर्षांत काम पुरं. हे सगळं खरंच थक्क करणारं आहे. पण हे सगळं वरचं. आमचा गाईड या यादीत फारसा रमला नाही. पुढे बघत म्हणाला, "वरचो तट सगळेच बघतत. खरो तट पाण्याखाली आसा."

त्याचं म्हणणं मला होडीतच पटायला लागलं. जेटीपासून किल्ला हाकेच्या अंतरावर दिसतो. वाटतं, सरळ रेषेत जाऊ. पण होडी सरळ जातच नाही. काका जरा डावीकडे घेतात, मग बराच वेळ उजवीकडे, मध्येच इंजिन मंद करतात. सगळीकडे पाणी सारखंच दिसतंय, मग ही वळणं कशाची? काकांनी किनार्‍याकडे बोट दाखवलं. एक ठराविक झाड आणि त्यामागचा डोंगराचा उंचवटा एका रेषेत आले की इथून वळायचं. दुसर्‍या बाजूला देवळाचा कळस आणि बुरूज. अशा खुणांच्या दोन रेषा जिथे कापतात तिथे आपण आहोत. हा त्यांचा नकाशा. प्रत्येक खडपाला नाव आहे. पोराने पाचसात नावं घडाघडा सांगितली, मला एकही लक्षात राहिलं नाही, आणि ती कुठल्याही कागदावर लिहिलेली नाहीत असं काका म्हणाले. तुमच्या मोबाईलवर दिसत नाही का हे, असं मुलीने विचारलं. काका हसले. मोबाईलमध्ये समुद्र निळा दिसतो, म्हणाले, सगळीकडे सारखाच निळा.

आता किल्ल्याचा दरवाजा आठवा. त्याचं तोंड उघड्या समुद्राकडे नाही, ते ईशान्येला, मालवणच्या बाजूला, आणि तेही दोन बुरुजांच्या वळणात लपवलेलं. पश्चिमेकडून येणार्‍या गलबताला दरवाजा दिसत नाही. तो गाठायचा तर बेटाला वळसा घालून, खडपांच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यातून यावं लागतं. आणि ते पाणी कुठे खोल, कुठे उथळ, कोणत्या भरतीला किती, हे इथल्या माणसाशिवाय कुणाला ठाऊक नाही. म्हणजे किल्ल्याच्या बाहेरचा तट निसर्गाने बांधला आणि त्या तटाच्या किल्ल्या मालवणच्या मच्छीमारांच्या डोक्यात होत्या. ही जागा हेरताना महाराजांच्या माणसांना स्थानिक कोळ्यांनी मदत केली आणि त्यांना गावं इनाम मिळाली अशी परंपरा आहे. घाटावर, डोंगरात वाढलेला राजा. जंजिर्‍याचा सिद्दी हटत नाही म्हणून स्वतःचाच जंजिरा उभारायला निघालेला. समुद्राच्या बाबतीत ज्याला समुद्र कळतो त्याचं ऐकायचं, एवढं त्याला कळलं होतं. मला तर बेचाळीस बुरुजांपेक्षा हे मोठं वाटतं.

होडी किल्ल्याच्या मागच्या बाजूला नेऊन नांगर टाकला, म्हणजे टाकला नाही, पाण्यात तरंगणार्‍या एका डब्याला दोर बांधला. का ते नंतर कळलं.

पोहायला मी विहिरीत शिकलो. पाठीला वाळका भोपळा बांधून चुलत्यांनी वरून ढकलून दिलं होतं, ती आमच्याकडची शिकवणी. इथे मात्र लाईफ जॅकेट, डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मुखवटा आणि तोंडात नळी. काचेवर आतून थुंकायचं आणि खळबळून घ्यायचं, म्हणजे वाफ धरत नाही. (सौ.चा चेहरा बघण्यासारखा झाला होता.) नाकाने श्वास घ्यायचा नाही, फक्त तोंडाने. पन्नास वर्षांची सवय मोडायला पाच मिनिटं लागतात, आणि त्या पाच मिनिटांत थोडा समुद्र पोटात जातो. पोरगा मागून जॅकेट धरून होता. "काय भिया नको, मी आसंय," म्हणाला, आणि मी पाण्यात तोंड घातलं.

टीव्हीवर दिसतं तसं काचेसारखं पाणी इथे नसतं, हे आधीच सांगतो. हिरवट, थोडं धुरकट, आठ-दहा फुटांपर्यंत बरं दिसतं. पण आठ-दहा फूट पुरतात. खाली काळे खडक, तटाच्या चिर्‍यांचा रंग होता तसेच. त्यावर गोल गोल गाठोड्यांसारखे पोवळ्यांचे गड्डे, कुणी पिवळट, कुणी तपकिरी, मेंदूसारख्या सुरकुत्या पडलेले. एक पंख्यासारखा पसरलेला. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे आमच्याकडे बिनधास्त येत होते. एका खडकाच्या फटीत काळ्या लांब काट्यांचा गोळा बसला होता, त्याच्यापासून पाय लांब ठेवा असं पोराने खुणेने सांगितलं. आणि मग त्याने हाताने दाखवलं, एक खडकाची धार, पाण्याच्या पृष्ठभागापासून जेमतेम दोन फूट खाली, लांबवर गेलेली. भरती असती तर वरून काही म्हणजे काही कळलं नसतं. लाकडी गलबताचा तळ त्या धारेवर घासला असता तर काय झालं असतं, हे समजायला इतिहासाचं पुस्तक लागत नाही.

पोवळं हा प्राणी आहे. इवल्याशा जिवांची वसाहत, चुन्याचं घर बांधत बांधत वाढणारी. फुटबॉलएवढा गड्डा व्हायला काही दशकं जातात. खडपावर मजबूत धरून बसणारे, गढूळ पाणी सोसणारे प्रकारच इथे टिकतात. म्हणजे हे सुद्धा चिवट मालवणी! ते असतात म्हणून मासे येतात, आडोसा मिळतो, पिल्लं वाढतात, आणि मासे येतात म्हणून रापण. किल्ल्याचा पाया आणि गावाचं ताट असं एकाच खडकावर आहे.

वर आल्यावर मी त्याला नांगराचं विचारलं. म्हणाला, आधी सगळे नांगर टाकायचे, पोवळी फुटायची. पर्यटकाला दमलं की खाली पाय टेकवावासा वाटतो, तो पोवळ्यावरच टेकतो. काही जण मासे जवळ यावेत, फोटो चांगले यावेत म्हणून पाव टाकतात. हा टाकत नाही, त्यामुळे याच्या फोटोत मासे कमी येतात आणि काही गिर्‍हाईकं दुसर्‍या होडीवर जातात. हे त्याने तक्रारीच्या सुरात नाही, हिशोब सांगावा तसं सांगितलं.

या पाण्याला कायद्याचं संरक्षण आहे. १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटर, आणि त्याच्या गाभ्यात सिंधुदुर्ग आणि शेजारचा पद्मगड. पण गावातल्या मच्छीमारांचा त्याला तेव्हापासून विरोध. त्यांचं म्हणणं सरळ आहे, पिढ्यान् पिढ्या आम्हीच हे पाणी राखलं, आता आम्हालाच बाहेर काढणार? आणि बाहेरच्या मोठ्या पर्ससीन बोटी, रात्री दिवे लावून मासे ओढणारे, त्यांचं काय? मला दोन्ही बाजू पटतात, हे माझं दुखणं. पोवळं राखायलाच हवं. आणि ज्यांच्या डोक्यात खडपांची नावं आहेत त्यांना वगळून ते राखता येणार नाही, हेही तितकंच स्पष्ट आहे. गेल्या दीडेक दशकात इथल्या पोरांना स्नॉर्केलिंगचे आणि स्कूबाचे गाईड म्हणून तयार करण्याचे प्रयत्न झाले, तारकर्लीला सरकारी पर्यटन महामंडळाचं डायव्हिंगचं प्रशिक्षण केंद्र आहे. आमचा पोरगा रीतसर शिकलेला. त्याच्या आजोबांना त्या खडपाने मासे दिले, याला गिर्‍हाईकं देतंय. बुद्धी तीच.

आता इतिहासातली दुसरी, कमी आवडणारी गोष्ट. समुद्र कळणार्‍याचं ऐकायचं, हे पुढे आपण विसरलो. कान्होजी आंग्रे १७२९ ला गेले. विजयदुर्गच्या समोर, शंभरेक किलोमीटर आत समुद्रात बुडालेलं एक मोठं प्रवाळ पठार आहे, त्याला आजही जगाच्या नकाशावर 'अँग्रिया बँक' म्हणतात. एवढा दरारा. पण कान्होजींचा मुलगा तुळाजी आणि नानासाहेब पेशवे यांचं बिनसलं, आणि पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरलं. १७५५ ला सुवर्णदुर्ग गेला. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गवर अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह आले. बंदरात एका जहाजाला आग लागली. ते जहाज आंग्र्यांनीच पूर्वी इंग्रजांकडून पकडलेलं. तिथून आग पसरली, आणि मराठ्यांचं पश्चिम किनार्‍यावरचं सगळ्यात मोठं आरमार एका दिवसात जळून गेलं. तुळाजी कैदेतच मेला. त्याच्यात दोष होते, त्याने लोकांना छळलं असेल, सगळं मान्य. पण घरातला भांडखोर भाऊ नको म्हणून घराला लावलेली ती आग होती.

पेशवेही मूळचे कोकणातले, श्रीवर्धनचे. समुद्रकाठचा माणूस घाट चढला, पुण्यात राहिला, आणि दोन पिढ्यांत समुद्राकडे पाठ झाली. आमच्या देवीच्या वर्‍हाडासारखंच काहीसं, असा एक चावट विचार मनात आला, लिहून टाकला.

त्यानंतर नऊच वर्षांत, १७६५ ला, इंग्रजांनी सिंधुदुर्गही घेतला. तेव्हा तो कोल्हापूरकर छत्रपतींकडे होता आणि मालवणच्या आरमाराला इंग्रज चाचे म्हणत. किल्ल्याला त्यांनी 'फोर्ट ऑगस्टस' असं नाव दिलं. पुढच्या वर्षी पैसे घेऊन परत केला, आणि १८१२ च्या तहात मालवण कायमचं नेलं. खडपं तिथेच होती. तटाचा एक चिरा हलला नव्हता. पण शेजारचं आरमारच नसेल तर एकटं खडप किती लढणार?

किल्ल्यात आम्ही दुपारी शिरलो. शिवराजेश्वराचं मंदिर, महाराजांच्या हातापायाचे चुन्यातले ठसे, सगळं भक्तीने पाहिलं. पण खरं सांगू? आम्ही तिघं जास्त वेळ थांबलो ते दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींपाशी. चहूकडे खारट समुद्र आणि मध्ये गोड्या पाण्याच्या विहिरी, आणि डिसेंबरातही पाणी. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते दिवस आम्ही पाहिलेत. मी ज्या विहिरीत पोहायला शिकलो तिच्यात आता फेब्रुवारीत तळ दिसतो. बीड जिल्ह्यातला माणूस कुठल्याही किल्ल्यावर गेला तरी आधी पाणी कुठे आहे ते बघतो. महाराजांनीही बेटावर आधी तेच बघितलं असणार. मुलगी म्हणाली, बाबा, आपल्या देवीला यांनी एखादी विहीर आंदण द्यायला हवी होती.

परतताना राजकोटवरचा पुतळा दिसला. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनी उभा राहिलेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, ते तुम्ही सगळ्यांनी बातम्यांत पाहिलंच आहे. आता आहे तो २०२५ मधला नवा, अधिक उंच. समोर साडेतीनशे पावसाळे खाल्लेला तट. होडीत कुणीच काही बोललं नाही. काका फक्त पाण्याकडे बघत होते, त्यांचं झाड आणि डोंगर एका रेषेत यायचे होते.

जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग जागतिक वारशाच्या यादीत गेला, महाराजांच्या इतर अकरा किल्ल्यांबरोबर. फार आनंद झाला. त्या बाराही किल्ल्यांबद्दल पुस्तकं निघतील, दगड मोजले जातील, डागडुजी होईल. माझी एक भाबडी इच्छा आहे. कुणीतरी वही घेऊन मालवणच्या जेटीवर बसावं आणि त्या काकांकडून, त्यांच्यासारख्या आणखी चार तांडेलांकडून खडपांची नावं लिहून घ्यावीत, खुणांच्या रेषांसकट. काकांची स्वतःची मुलं मुंबईला आहेत. पुतण्याला सगळी नावं येत नाहीत, हे त्यानेच मला सांगितलं. मी मुलीला म्हटलं, तू कर हे काम, तुझ्या मोबाईलवर रेकॉर्ड कर. तिने पाच नावं केली तेवढ्यात जेटी आली. ती पाच माझ्याकडे आहेत.

नातेवाईकांपैकी कुणी जाणार असाल तर दोन गोष्टी. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत जा, पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. खडपं बघायची असतील तर उधाणाची सकाळ, पण पोवळी आणि मासे नीट बघायचे असतील तर अष्टमीच्या सुमारास, भांगाला. तेव्हा पाणी कमी हलतं आणि जास्त निवळ असतं, हे काकांचं मत. पाय टेकवू नका. पाव टाकणारा गाईड घेऊ नका, फोटोत मासे कमी आले तरी चालतील. आणि काच धुवायची ती युक्ती सौ.ला आधीच सांगून ठेवा.